लिलावात वांधा निघाला तर: ऑनलाइन विक्री नव्यानं करणाऱ्यांसाठी

लासलगाव किंवा पिंपळगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव ज्यानं पाहिलाय, त्याला 'वांधा' म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. ट्रॅक्टर रांगेत उभे असतात, व्यापारी ट्रॉलीवरचा कांदा हातात घेऊन बोली लावतात, भाव ठरतो. मग ट्रॉली व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाते, रिकामी व्हायला लागते आणि अर्ध्यावर आवाज येतो, "वरचा माल वेगळा, खालचा वेगळा." कधी व्यापाऱ्याचं खरं असतं, खाली खरोखर गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, भरलेली असते. कधी दुपारपर्यंत बाजार उतरलेला असतो आणि सकाळची बोली त्याला जड झालेली असते.

ऑनलाइन लिलावातही वांधा अगदी असाच निघतो. फरक एवढाच की इथे ट्रॉली समोर उभी नसते. माल चारशे किलोमीटरवर कुणाच्या तरी घरात असतो आणि त्याचं काय झालं हे ठरवणारा तिसरा माणूस फक्त फोटो आणि निरोप वाचून ठरवतो. त्यामुळे समोरचा गिऱ्हाईक किती खोटं बोलतोय याचा विचार करत बसण्यापेक्षा आपण काय कबूल केलं होतं, काय पाठवलं आणि त्याची नोंद कुठे आहे, याकडे सगळं लक्ष लावायचं.

मी पंचवटीतून जुनी तांब्या-पितळेची भांडी आणि थोडी टपाल तिकिटं विकते. आजोळचा वाडा पाडायला काढला तेव्हा माळ्यावरची घंगाळं, कासंड्या आणि समया मोडीत जाऊ नयेत म्हणून सुरुवात झाली. नंतर भांडीबाजारात मोडीला आलेलं चांगलं भांडं दिसलं की उचलायची सवय लागली. तिकिटांचा नाद तर या गावातच आहे. 1925 साली नाशिक रोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस सुरू झाली आणि देशाची तिकिटं इथे छापली जाऊ लागली, त्यामुळे नाशकात अल्बम जपणारी घरं बरीच. नव्यानं विकायला लागलेले लोक मला पहिल्या भांडणानंतर फोन करतात. म्हणून हे सगळं क्रमानं लिहिते आहे.

वांध्याचं बी लिस्टिंगमध्ये असतं

लिस्टिंग म्हणजे साइटवर टाकलेलं वस्तूचं वर्णन आणि फोटो. भांडं लिलावाला लावतानाच ते वजनकाट्यावर ठेवून आकडा दिसेल असा फोटो काढा. उंचीला टेप लावून दुसरा फोटो. मग दोष: पोचा, चीर, झाळलेली म्हणजे डाग देऊन जोडलेली जागा, उडालेली कल्हई. प्रत्येक दोषाचा जवळून फोटो हवा, आणि वर्णनात तो गुणांच्या आधी लिहा. लोकांना वाटतं यानं बोली पडेल. माझा अनुभव उलटा आहे. जुनी वस्तू घेणाऱ्याला दोष असणार हे माहीत असतं, त्याला फक्त ते आधी कळायला हवे असतात.

आपल्याकडच्या जुन्या भांड्यांवर नाव घातलेलं असतं ही फार मोलाची गोष्ट आहे. 'अमक्याकडून चि. सौ.कां. तमकीस' अशी ठिपक्यांनी कोरलेली ओळ, कधी तारीखसुद्धा. त्याचा फोटो हमखास काढा. हाताने घातलेलं तेच नाव, त्याच वळणानं, दुसऱ्या भांड्यावर सापडणार नाही. त्याचा उपयोग पुढे सांगते. तिकिटांना असं नाव नसतं, पण शिक्क्याची शाई कुठे पडली आहे आणि कडेचे दात कसे तुटले आहेत ही त्यांचीही ओळखच. दोन्ही बाजू स्कॅन करून ठेवायच्या.

'शंभर वर्षं जुनं' हे शब्द पुराव्याशिवाय लिहू नका. एक तर ते सिद्ध करता येत नाही आणि 'सांगितल्यासारखं नाही' अशी तक्रार लागलीच तयार होते. दुसरं कारण अधिक गंभीर आहे. 1972 च्या पुरावस्तू व कलासंपत्ती कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी नाणी, शिल्पं, कारागिरीच्या वस्तू पुरावस्तू ठरतात, हस्तलिखितांसाठी ही मर्यादा 75 वर्षांची आहे आणि अशा वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. म्हणजे बोली वाढावी म्हणून लिहिलेले दोन शब्द परदेशी गिऱ्हाइकाच्या बाबतीत आपल्याच गळ्याशी येतात. वय माहीत नसेल तर 'आजीच्या संसारातलं' एवढं लिहा. ते खरं असेल तरच, अर्थात.

आणखी एक. बोली चढवायला चुलतभावाला किंवा मैत्रिणीला सांगू नका. 1930 च्या माल विक्री कायद्याच्या कलम 64 प्रमाणे विक्रेत्यानं भाव वाढवण्यासाठी खोटी बोली लावली तर घेणारा तो व्यवहार रद्द करू शकतो. पुढे वांधा निघाला आणि ही गोष्ट उघड झाली, तर तुमची बाकीची बाजू कितीही खरी असली तरी ती कुणी ऐकणार नाही.

बांधाबांध

द्राक्षाच्या हंगामात नाशकात खोक्यांना तोटा नसतो, पण ती वापरू नका. त्यांना हवेसाठी भोकं असतात. पावसाळ्यात त्यातून पाणी शिरतं आणि ओल्या कागदात पितळ काळं पडतं. नवं जाड खोकं घ्या, भांडं आधी प्लॅस्टिकमध्ये, मग बबल रॅपमध्ये गुंडाळा. समईचे भाग सुटे करून वेगवेगळे गुंडाळा.

हे सगळं करताना एकच सलग व्हिडिओ काढायचा: भांडं, त्यावरचं नाव, काट्यावरचा आकडा, खोक्यात ठेवणं, चिकटपट्टी, पत्ता. मध्ये कापायचा नाही. दोन-तीन मिनिटांचं काम आहे. स्पीड पोस्टाची पावती मिळाली की तिचा लगेच फोटो, कारण ती शाई काही महिन्यांत उडते. वस्तू महाग असेल तर विमा उतरवा.

तक्रार आली. पहिला तास काहीच लिहू नका.

तीन वर्षांपूर्वी मी समईची जोडी लिलावात विकली. बोली ₹7,200 ला थांबली. पार्सल पोचल्यावर चौथ्या दिवशी रात्री निरोप आला: "मॅडम, वजन कमी आहे, बुडाला पोचा आहे. ₹3,000 परत करा, नाहीतर एक स्टार देणार." मी पेटून उठले आणि अकरा ते बाराच्या दरम्यान चार लांबलचक उत्तरं पाठवली. त्यातल्या एकात लिहून गेले की "वाटेत धक्का लागला असेल तर त्याला मी काय करणार?" प्रकरण साइटकडे गेलं तेव्हा माझं तेच वाक्य पोचा असल्याची कबुली म्हणून धरलं गेलं. काट्यावरचा फोटो तेव्हा मी काढत नसे. पैसे पूर्ण परत गेले. त्या समया आजीच्या होत्या, परत आल्या तेव्हा एकीचा पिसारा वाकला होता. ते मला अजून लागतं.

तेव्हापासून तक्रार आली की मी फोन उलटा ठेवते आणि आधी हातातलं काम संपवते. मग शांतपणे वाचून तक्रार कुठल्या जातीची आहे ते ठरवते. पैसेच न देणं, माल न मिळणं किंवा उशिरा मिळणं, माल सांगितल्यासारखा नसणं आणि नुसतं मन बदलणं, एवढ्या चारच जाती आहेत. रागाच्या भरात लिहिलेल्या निरोपात त्या एकमेकांत मिसळलेल्या असतात. "कधी पाठवलंत, किती उशीर, आणि हे तर माझ्या बायकोला आवडलंच नाही" असं कुणी लिहिलं तर त्यात उशीर आणि मन बदलणं आहे, माल चुकीचा असल्याची तक्रार नाही. उत्तर त्याप्रमाणे द्यायचं.

बोलणं साइटवरच

गिऱ्हाईक लगेच म्हणतो, "ताई, नंबर द्या, फोनवर मिटवू." माणूस सभ्य असतो, आपल्यालाही भांडण नको असतं, आणि आपण नंबर देतो. देऊ नका. फोनवर झालेलं बोलणं निवाडा करणाऱ्याला दिसत नाही. गोडीनं एवढंच लिहा: "काका, इथेच लिहूया, म्हणजे दोघांकडे नोंद राहील."

2018 मध्ये ईबे या लिलावाच्या साइटची भारतातली शाखा, ईबे इंडिया, बंद झाल्यावर नाणी-तिकिटांचे बरेच देशी लिलाव फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर चालू लागले. तिथे साइटचं संरक्षण नसतं. बाजार समितीत वांधे मिटवायला वांधा समिती असते, ग्रुपचा अ‍ॅडमिन हीच इथली वांधा समिती. म्हणून अशा ग्रुपवर विकण्याआधी नियम वाचा, माल परत घेण्याची मुदत किती ते लिलावाच्या पोस्टमध्येच लिहा, पैसे आल्याशिवाय पार्सल हलवू नका, आणि तक्रार आली की अ‍ॅडमिनला पहिल्याच निरोपापासून सोबत घ्या.

पहिलं उत्तर

ते छोटं हवं. खुलासा नको, दोषारोप नको, माफीसुद्धा नको, कारण अजून काय झालं ते आपल्याला माहीत नाही. मी साधारण असं लिहिते:

"नमस्कार. तुमचा निरोप वाचला. भांड्याच्या बुडाला पोचा आहे असं तुम्ही लिहिलं आहे. कृपया बुडाचा जवळून फोटो, भांडं वजनकाट्यावर ठेवलेला फोटो आणि पार्सलच्या खोक्याचे चारही बाजूंनी फोटो इथेच पाठवा. ते पाहून उद्या संध्याकाळी सहापर्यंत मी उत्तर देते."

यातली प्रत्येक गोष्ट कामाची आहे. खोकं चेपलेलं असेल तर धक्का वाटेत लागला. खोकं सुबक आणि भांड्याला खोल पोचा असेल तर प्रश्न वेगळा. वजनाचा फोटो मागितला की वजनाच्या खोट्या तक्रारी बहुधा तिथेच संपतात. आणि सहाची वेळ दिली असेल तर सहाच्या आत उत्तर द्यायचंच, 'अजून पाहते आहे' एवढं का होईना.

वाटेत मोडलं असेल तर गिऱ्हाइकाला "पोस्टात जाऊन भांडा" असं सांगू नका. त्यानं पैसे तुम्हाला दिले होते. त्याचं तुम्ही भागवायचं आणि टपाल किंवा कुरिअरकडे विम्याचा दावा तुम्ही करायचा. त्यासाठी त्याला खोकं फेकू नका म्हणून लगेच कळवा.

आता स्वतःशी खरं बोला

हा टप्पा लोक गाळतात आणि सगळं तिथेच बिघडतं. आपली लिस्टिंग परक्याची आहे असं समजून वाचा, फोटो मोठे करून बघा. चूक आपली निघू शकते.

माझी निघाली आहे. एक बंब मी 'वापरण्याजोगा' म्हणून विकला होता. घेणाऱ्या मावशींनी लिहिलं की पाणी भरल्यावर तळाशी झिरपतं. पहिल्यांदा मला खोटं वाटलं. मग जुना फोटो मोठा करून पाहिला, तर तळाच्या सांध्याला झाळ दिसत होती. मी त्यात कधी पाणी भरून पाहिलंच नव्हतं. त्याच दिवशी मी पूर्ण पैसे आणि दोन्ही वेळचं टपाल दिलं. मावशींनी पुढे माझ्याकडून तीन भांडी घेतली, पण ते बाजूला ठेवू. बंब गळका होता, पैसे त्यांचेच होते.

कायद्याचंही हेच म्हणणं आहे. 2020 च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांनुसार, माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी धंदेवाईक विक्रेत्यानं लिस्टिंगवर लावली तरी अशा वेळी ती उपयोगाची नाही.

चूक आपली नसेल तर

दोनच पर्याय द्या: वस्तू जशी पाठवली तशी परत करा आणि पूर्ण पैसे घ्या, किंवा ठेवा. मधला रस्ता, म्हणजे 'वस्तू मी ठेवतो, तुम्ही दोन-तीन हजार परत करा', शक्यतो धरू नका. ज्याला वस्तू खरंच नकोशी आहे तो परत पाठवायला कुरकुरत का होईना तयार होतो. ज्याला फक्त भाव उतरवायचा आहे तो इथे गप्प होतो. खळ्यावरचा शेतकरीही हेच करतो. वांधा खोटा वाटला की तो म्हणतो, "ट्रॉली भरून द्या परत." अपवाद एकच: दोष खरा आहे, किरकोळ आहे, तुम्ही लिहायला विसरलात आणि माणूस मोजकीच रक्कम मागतोय. तेव्हा देऊन टाका.

'पैसे द्या नाहीतर वाईट रेटिंग' असं कुणी लिहिलं तर त्या वाक्याचा स्क्रीनशॉट काढून साइटला कळवा. रेटिंगची धमकी देऊन पैसे मागणं हा ईबेसारख्या साइटवर नियमभंग आहे. तिथे 2008 पासून विक्रेत्याला गिऱ्हाइकाबद्दल वाईट शेरा देता येत नाही, त्यामुळे उलट धमकी द्यायच्या फंदात पडू नका. त्याला उत्तर द्यायचं, "परत पाठवण्याचा मार्ग खुला आहे," एवढंच.

परत येणारं पार्सलही व्हिडिओ लावूनच उघडायचं, आधी बंद खोकं आणि त्यावरचा नंबर दाखवून. एका पितळी डब्याच्या बदल्यात मला दुसराच डबा परत आला होता, तेवढ्याच उंचीचा, पण पातळ पत्र्याचा. माझ्या डब्यावर झाकणाच्या आत नाव घातलेलं होतं. यावर काहीच नव्हतं. लिस्टिंगमधला नावाचा फोटो, बांधाबांधीचा व्हिडिओ आणि उघडतानाचा व्हिडिओ एवढं साइटकडे दिलं. निकाल माझ्या बाजूनं लागायला आठ दिवससुद्धा लागले नाहीत. ते नाव कुणाचं होतं मला माहीत नाही, पण त्या बाईंचे मी आजही आभार मानते.

पैसे परत करायचे ते ज्या वाटेनं आले त्याच वाटेनं. साइटवर आलेले पैसे यूपीआयनं परत केलेत तर साइटच्या लेखी तुम्ही काहीच दिलेलं नाही आणि तोच माणूस साइटवरूनही ते पुन्हा मागू शकतो.

मुदती

इथे आळस चालत नाही. ईबेवर गिऱ्हाइकानं तक्रार नोंदवली की विक्रेत्याला ती मिटवायला कामाचे तीन दिवस मिळतात, त्यानंतर गिऱ्हाईक ईबेला मध्ये घालू शकतो. तक्रार करायला त्याला साधारण 30 दिवस असतात. पेपाल या ऑनलाइन पैसे देण्या-घेण्याच्या सेवेवर मात्र 180 दिवस आहेत, म्हणजे जवळजवळ सहा महिने. तेवढे दिवस व्हिडिओ पुसू नका. पेपाल 2021 च्या एप्रिलपासून भारतातल्या भारतात चालत नाही, त्यामुळे हा मुद्दा परदेशी गिऱ्हाइकापुरता. तिथे साध्या तक्रारीचा दावा करायला गिऱ्हाइकाला 20 दिवस असतात आणि तेवढ्यात केला नाही तर ती आपोआप बंद होते. "तुम्ही तक्रार काढून घ्या, मग मी बघते" असं कुणाला सांगू नका आणि "पैसे द्या, मग काढतो" यावरही विसंबू नका. जे करायचं ते तक्रारीच्या पानावरच होऊ द्या.

साइटला लिहिताना तारखांप्रमाणे पाच-सहा ओळी पुरतात: लिलाव कधी संपला, पैसे कधी आले, पार्सल कधी टाकलं, 'आय-एन'नं संपणारा टपालाचा तेरा अक्षरी क्रमांक, पोचल्याची तारीख, तक्रार कधी आणि काय. मग फोटो. गिऱ्हाईक कसा माणूस आहे यावर एक शब्द नको. निवाडा करणाऱ्याला त्याचा उपयोग नसतो.

पैसेच न देणारे

बोली जिंकून गायब होणारे नव्या विक्रेत्याला फार छळतात, पण हा वांधा सगळ्यात सोपा. एक आठवण करा. ईबेवर चार दिवसांत पैसे आले नाहीत तर पाचव्या दिवसापासून व्यवहार रद्द करता येतो. ग्रुपवर विकलं असेल तर 'अमुक तारखेपर्यंत पैसे आले नाहीत तर वस्तू पुन्हा विकेन' असं लेखी कळवा आणि मगच पुन्हा लावा. माल विक्री कायद्यातही पैसे न मिळालेल्या विक्रेत्यानं तशी सूचना देऊन फेरविक्री करण्याची सोय आहे. दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवाल्याला त्याच्याच बोलीच्या भावात विचारा, चढ्या भावानं नाही.

हा वांधा नव्हे, ही चोरी

"पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका," असं म्हणणारा गिऱ्हाईक नसतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. "चुकून जास्त गेले, फरक परत करा" असं म्हणून पैसे जमा झाल्याचा बनावट मेसेज पाठवणारेही याच जातीचे. खातं बँकेच्या अ‍ॅपमध्ये स्वतः उघडून बघा. फसलात तर क्षणही न घालवता 1930 या क्रमांकावर फोन करा आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी गोठवता येतात, म्हणून तिथे मिनिटं महत्त्वाची.

मिटल्यावर

त्या गिऱ्हाइकाला ब्लॉक यादीत टाका, चांगल्या शब्दांत निरोप घेऊन. वाईट शेरा पडलाच तर त्याखाली उत्तर द्यायची सोय असते. तिथे एकच ओळ लिहा: "वस्तू परत घेऊन पूर्ण पैसे देण्याची तयारी दाखवली होती." पुढचा गिऱ्हाईक शेऱ्यापेक्षा त्याखालचं उत्तर वाचतो. आणि वस्तू परत आली असेल तर जुनी लिस्टिंग तशीच पुन्हा टाकू नका. वाटेत नवा पोचा, नवा ओरखडा आला असेल. काट्यावर ठेवा, फोटो नव्यानं काढा. त्या समया मी दीड वर्षानं पुन्हा लावल्या, वाकलेल्या पिसाऱ्याचा फोटो सगळ्यात वर ठेवून. सातपूरच्या एका जोडप्यानं घेतल्या, ₹5,600 ला, आणि पिसारा तांबटाकडून सरळ करून घेतल्याचा फोटो दिवाळीत मला पाठवला.